पिवळी काडी क्रमांक २१७

मासळी बाजार, गणेश पेठ, पुणे
१२ सप्टेंबर १९८६

खारशेतच्या मासे-अभ्यासाच्या ऑफिसात जे कोणी साहेब असतील त्यांस,

तुमची एक वस्तू माझ्याकडे आली आहे. परत पाठवू की फेकून देऊ, ते कळवा.

मी नसीमबानू कादर सोलकर. बाजारात आमचा गाळा आहे. मंगळवारी कोकणातून पेटी आली, तिच्यात एक मोठी घोळ होती. साफ करायला घेतली तर पाठीवरच्या काट्याच्या मुळाशी पिवळी प्लॅस्टिकची काडी रुतलेली. आधी वाटलं जाळ्याचा दोरा आहे. ओढला तर निघेना. आत मांसात आकडा बसवलेला. चांगल्या माशाला भोक पाडून ठेवलंत. गिऱ्हाईक म्हणालं, "हिला सलाइन लावलं होतं काय?" आणि अर्धी घोळ पडून राहिली.

काडीवर इंग्रजीत बारीक छापलेलं आहे. मला इंग्रजी येत नाही. नारायण पेठेतले दिगंबरपंत आमच्याकडून मांजरासाठी मासे नेतात. मांजराला सुरमईच लागते आणि तुकडे मधलेच लागतात. त्यांनी चष्मा लावून वाचून दाखवलं. नंबर २१७, तुमचा पत्ता, आणि "सापडल्यास कळवा, बक्षीस मिळेल." ते म्हणाले, "बाई, हे सरकारी दिसतंय. कळवलं नाही तर तुमच्यावर येईल आणि कळवलं तरी तुमच्यावरच येईल."

म्हणून कळवते आहे. काडी धुऊन ठेवली आहे. बक्षीस काय आहे ते आधी लिहा.

माझं शिक्षण कोकणात मराठी शाळेत चौथीपर्यंत. अक्षर लागत नसेल तर दोनदा वाचा.

नसीमबानू

---

सागरजीव अभ्यास केंद्र, खारशेत, जि. रत्नागिरी
१९ सप्टेंबर १९८६

नसीमबानू यांस सप्रेम नमस्कार.

इथे साहेब कोणी नाही. काड्या बसवणारी मीच, उल्का परांजपे. तुमचं पत्र मी दोनदा नाही, पाच वेळा वाचलं, आणि अक्षरासाठी नव्हे.

मार्च महिन्यात मी चारशे घोळ माशांना अशा काड्या लावून जिवंत समुद्रात सोडलं. सहा महिन्यांत एकही काडी परत आली नव्हती. २१७ ही पहिली. मासे दरवर्षी कमी होताहेत, आणि ते अंडी घालायला जमतात कुठे हेच कोणाला माहीत नाही. निदान कागदावर कोणी लिहिलेलं नाही. म्हणून काडी लावायची, सोडायचं आणि वाट बघायची. मासा कुठून सुटला हे मला ठाऊक आहे, तो कुठे सापडला हे तुम्हाला. दोन्ही जोडलं तर त्याचा रस्ता कळतो.

मला एवढं सांगाल का? पेटी कुठल्या बंदराची? घोळ कोणत्या जागी, किती खोल पाण्यात मिळाली? तिच्या पोटात अंडी, गाभोळी, होती का? डोकं टाकलं नसेल तर कानातले दोन पांढरे दगड मिळतील का? झाडाला जशी वर्षाची कडी, तशी त्या दगडांना असतात. त्यावरून वय कळतं.

बक्षीस म्हणून सोबत केंद्राचं नाव कोरलेला स्टीलचा पेला पाठवते आहे. माशाला भोक पाडल्याबद्दल क्षमस्व.

आपली,
उल्का परांजपे

---

गणेश पेठ, पुणे
२६ सप्टेंबर १९८६

उल्काबाई,

पेला पोचला. आमचे हे म्हणाले, सरकार अर्ध्या घोळीच्या बदल्यात पेला देतं, उद्या अख्खी दिली तर हंडा देईल. पेला चांगला आहे, जड आहे.

कानातले दगड पाठवते आहे. ते मी टाकत नाही. मुतखड्यावर लोक उगाळून घेतात म्हणून डबीत ठेवते. कोणाचा खडा गेलेला मी पाहिला नाही, पण मागायला येतात.

दगडाची कडी तुम्ही मला कशाला शिकवता? मी मासेवाल्याच्या घरात जन्मले. माझे अब्बा काळबेट बंदरात तांडेल होते, होडी त्यांच्या हुकमावर चालायची. त्यांना घोळ दिसायच्या आधी ऐकू यायची. तुम्हाला खोटं वाटेल. इंजिन नव्हतं तेव्हाची गोष्ट. वल्ह्याचं एक टोक पाण्यात खोल सोडायचं, दुसरं कानाला लावायचं, आणि श्वास धरून बसायचं. खालून आवाज येतो. कोणी लांब ढोल बडवत असल्यासारखा. मीही ऐकला आहे, लहान असताना, त्यांच्या मांडीवर बसून. मासा मुका असतो असं म्हणणारे समुद्रावर गेलेले नसतात.

आता तुमचे प्रश्न. एवढी चौकशी कशासाठी ते सरळ लिहा. गोड बोलून माहिती काढणारे मी बाजारात रोज बघते. जागा कळल्यावर तुम्ही काय करणार? तिथे सरकारी बोट आणून उभी करणार? की छापून टाकणार आणि मग सगळे ट्रॉलरवाले तिथे येऊन खालची मातीसुद्धा खरवडून नेणार? आमच्याकडे जागा म्हणजे बापाने मुलाला मरताना सांगायची गोष्ट. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत आल्या की नांगर टाकायचा. त्या खुणा बायकोलाही सांगत नाहीत. मला माहीत आहेत कारण मी लहान होते आणि कोणाला वाटलं नाही की हिच्या लक्षात राहील.

तेव्हा आधी तुमचं सांगा. मग माझं बघू.

नसीमबानू

---

खारशेत
६ ऑक्टोबर १९८६

नसीमबानू यांस,

सरळ विचारलंत, सरळ लिहिते.

जागा सापडली तर माझ्या अहवालात जाईल. अहवाल सरकारकडे जाईल. मी शिफारस करीन की अंडी घालण्याच्या दोन महिन्यांत तिथे कोणीही जाळं टाकू नये, ट्रॉलरने तर नाहीच. ते ऐकतील की नाही हे मला माहीत नाही. जागा फुटण्याची तुमची भीती खोटी आहे असंही मी म्हणू शकत नाही. पण काहीच केलं नाही तर काय होईल हे मला दिसतं आहे. इथल्या धक्क्यावरच्या वह्यांत दहा वर्षांपूर्वी जिथे शंभर घोळ उतरायच्या तिथे आता नऊ उतरतात.

माझी नेमणूक एकतीस डिसेंबरला संपते. त्याआधी अहवाल द्यायचा आहे. चारशेपैकी एक काडी हातात आहे, ती तुमची. म्हणजे माझी तीन वर्षं सध्या तुमच्या डबीत आहेत.

दगड बघितले. तुमची घोळ सात वर्षांची होती.

वल्ह्याची गोष्ट मला अजिबात खोटी वाटली नाही. माझ्याकडे पाण्यात सोडायचा माईक आहे, परदेशातून दोन वर्षं पत्रं लिहून मागवलेला. तुमच्या अब्बांना लाकडात जे ऐकू यायचं तेच ऐकायला मी तो आणला. अजून एकदाही ऐकलेलं नाही.

मी पुण्याचीच. आई, सुहासिनी परांजपे, शनिवार पेठेत राहते, टपाल कचेरीच्या मागच्या बोळात. मुलगी मासे कापते हे तिला शेजारी सांगवत नाही. ती "उल्का पाण्याच्या खात्यात आहे" म्हणते, आणि लोक समजतात मी खडकवासल्याला धरणावर आहे. कधी काही पाठवायचं झालं तर तिच्याकडे द्या. मात्र घोळ नेऊ नका.

उल्का

---

गणेश पेठ, पुणे
१४ ऑक्टोबर १९८६

उल्काबाई,

होडीवाल्याला विचारलं. नाव सांगणार नाही.

घोळ आंधळीच्या खडकाजवळ मिळाली. काळबेटपासून बाहेर, पश्चिमेला, होडीने तीन तास. तुमच्या नकाशात असेल. पाणी तीस वाव. गाभोळी नव्हती.

आता लिहा तुमचा अहवाल आणि नोकरी टिकवा. आईकडून धरणावर म्हणवून घेता हे बरं नाही. माशात काय वाईट आहे?

नसीमबानू

---

गणेश पेठ, पुणे
१४ ऑक्टोबर १९८६

नासिर,

सलाम. पेट्या वेळेवर येताहेत. बर्फ कमी घालतोस, पनवेलच्या पुढे पाणी होतं.

तू पाठवलेल्या त्या घोळीवर काडी होती ना, तिची मालकीण निघाली. खारशेतची बाई. कुठे पकडली विचारत होती. मी अब्बांची जागा सांगितली नाही. आंधळीचा खडक सांगितला. तिथे चाचा गेल्यापासून काळबेटचा माणूस जाळं टाकत नाही, म्हणजे बंदी घातली तरी कोणाचं काही जात नाही. कागदावर लिहील आणि गप्प बसेल.

गाभोळीचंही विचारलं. नव्हती म्हणून लिहिलं. पण नासिर, होती. दोन हात भरून होती. मी ती घोळ चिरली आणि माझेच हात मला बघवेनात. अब्बा काय म्हणायचे? घोळ बोलत असली की जाळं टाकायचं नाही, लग्नघरात शिरून चोरी करायची नाही. वल्हं कानाला लावायचे, आवाज ऐकायचे आणि होडी फिरवून रिकामे घरी यायचे. अम्मा शिव्या द्यायची तरी.

तू म्हणशील, ट्रॉलरवाले बाहेर काही ठेवत नाहीत, आपा पुण्यात बसून शहाणपण सांगते. सांगते. सरकारी बाईपासून तुला वाचवलं. पण तू केलंस ते चांगलं केलं नाहीस.

शमीम आणि मुलांना दुवा.

आपा

---

खारशेत
२७ ऑक्टोबर १९८६

नसीमबानू यांस,

तुमच्या पत्राने माझी झोप उडाली आहे, पण चांगल्या अर्थाने.

आंधळीचा खडक नकाशावर सापडला. खरं सांगायचं तर जागा माझ्या हिशेबात बसत नाही. घोळ अशा उघड्या खडकाळ पाण्यात जमेल असं कुठल्याही पुस्तकात नाही. आमचे वरिष्ठ म्हणाले, माहिती चुकीची असेल, सोडून द्या. मी म्हटलं, ज्या बाईंनी मला इतकं सुनावलं त्यांना माझ्याशी खोटं बोलायचं काही कारण नाही. माशाने पुस्तक वाचलेलं नसतं.

तेव्हा स्वतः ऐकून यायचं ठरवलं आहे. अमावस्येच्या आसपास मासे जास्त बोलतात असं इथले जुने लोक सांगतात. अमावस्या दोन नोव्हेंबरला. तीन तारखेला सकाळी मी आणि आमचा होडीवाला बजरंग निघू. केंद्राची मोठी बोट दुरुस्तीला आहे, म्हणून बजरंगचीच छोटी इंजिनाची होडी. दोन दिवस खडकापाशी नांगर टाकून माईक सोडून बसू. पाच तारखेला परत. बजरंग कुरकुर करतो आहे, पण तो नेहमीच करतो.

दिवाळीला घरी येत नाही म्हणून आई रागावली आहे. तिला खरं कारण सांगितलेलं नाही. ऐकू आलं तर सगळ्यात आधी तुम्हाला कळवीन.

उल्का

---

तार
पुणे, ३ नोव्हेंबर १९८६, दुपारी १२.१०

उल्का परांजपे खारशेत
जाऊ नका. जागा खोटी. खडक वाईट. नसीमबानू

---

गणेश पेठ, पुणे
५ नोव्हेंबर १९८६

उल्का,

हे पत्र तुला मिळेल की नाही मला माहीत नाही. तरी लिहिते. हात रिकामा ठेवला की घाण विचार येतात.

तुझं पत्र दिवाळीच्या सुट्टीत अडकलं. सोमवारी अकरा वाजता आलं. मी गाळ्यावर उभी राहून वाचलं. गिऱ्हाईक समोर पापलेट धरून उभं होतं, त्याला म्हटलं, जा, आज मिळणार नाही. तशीच मासळीच्या हाताने तारेच्या कचेरीत गेले. लोक बाजूला झाले. बाबू म्हणाला, पत्त्यासकट दहा शब्द आहेत, एखादा कमी करा. मी म्हटलं, तुमच्या बापाचे शब्द आहेत का?

तार गेली. पण तू सकाळीच निघाली असणार हे मला कळत होतं. मग काळबेटच्या बर्फाच्या कारखान्याला ट्रंककॉल लावला. तिथे फोन आहे. दीड तास बसले. लाईन लागली तर तिकडून आधी वाराच ऐकू आला. नासिरला बोलावलं. नासिर माझा धाकटा भाऊ. घोळ त्याच्याच होडीची. बघ, आता लपवायला काही राहिलं नाही.

मी त्याला म्हटलं, खारशेतची पोरगी आंधळीवर गेली आहे, माझ्या सांगण्यावरून. तो मग म्हणाला, "आपा, इथे धक्क्यावर उभं राहवत नाही." आणि लाईन तुटली.

आता तुला सांगते, ते मी चौदा तारखेलाच सांगायला हवं होतं. आंधळीला आंधळी म्हणतात कारण तो खडक दिसत नाही. भरतीला वर दोन वाव पाणी असतं, वाटतं सगळं मोकळं आहे. अवसेची ओहोटी लागली आणि वारा आला की तिथेच लाट फुटते. माझे चाचा तिथे गेले. नुसतं वल्हं परत आलं. मला जागा सुचेना तेव्हा तेच नाव तोंडाला आलं. वाटलं, तिथे कोण जातंय? शिकलेले लोक कागदावर लिहितात आणि घरी जातात, अशी माझी समजूत. तू स्वतः जाशील हे माझ्या टाळक्यात आलं नाही. चौथी शिकलेलं टाळकं.

काल शनिवार पेठेत तुझ्या आईकडे गेले. अंघोळ करून, धुतलेलं नेसून. तरी त्यांनी दारातच नाकाला पदर लावला. म्हणाल्या, "आपण कोण?" मी म्हटलं, तुमच्या मुलीला मी खोटं सांगितलं आणि ती समुद्रात गेली आहे. हे असंच म्हटलं. मला फिरवून बोलता येत नाही. त्या म्हणाल्या, "अहो, ती खडकवासल्याला—" आणि थांबल्या. स्वतःचंच खोटं तोंडात अडकलं. मग आत या म्हणाल्या.

भाऊबीज होती. पाट मांडलेला, ताटं तशीच. तुझे माधवमामा येऊन बसले होते. रेडिओवर सांगत होते, रत्नागिरी किनाऱ्यावर मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. तुझ्या आईने रेडिओ बंद केला, पुन्हा लावला, पुन्हा बंद केला. मामा म्हणाले, पोलिसांत कळवू. कळवलं. पोलीस म्हणाले, वारा उतरल्याशिवाय बोट जाणार नाही. मग आम्ही दोघी बसलो. मला वाटलं त्या मला शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "ती लहानपणी खडकवासल्याच्या पाण्यातसुद्धा पाय घालायची नाही. भ्यायची." आणि मला चहा दिला. केंद्राच्या पेल्यात. त्यांच्याकडेही तसाच पेला आहे.

आज पाच तारीख. आज तू परत यायचीस. बर्फाच्या कारखान्याची लाईन बंद आहे. नासिर निघाला की नाही तेही माहीत नाही. म्हणजे मी एका खोट्याने तुला पाठवलं आणि एका खऱ्याने भावाला. दोघांपैकी कोणाची वाट आधी बघू?

तू जिवंत असशील तर मला शिव्या लिहून पाठव.

नसीमबानू

---

तार
काळबेट, ५ नोव्हेंबर १९८६, संध्याकाळी ५.४०

नसीमबानू सोलकर मासळी बाजार पुणे
सर्व माणसं आली. पत्र मागून. नासिर

---

काळबेट बंदर
६ नोव्हेंबर १९८६

आपा,

सलाम. तुझा फोन तुटला आणि मी निघालो. मी, रज्जाक आणि त्याचा भाऊ. शमीमने दारात येऊन फक्त विचारलं, कुठे? मी सांगितलं. तिने दार लावून घेतलं. अजून बोलत नाही.

आंधळीपाशी पोचेपर्यंत दिवस कलला होता. त्यांचं इंजिन पाणी जाऊन बंद पडलेलं. नांगर खडकात धरला होता म्हणून होडी जागेवर होती, पण दोर घासून बोटाएवढा राहिला होता. होडीवाला पाणी उपसत होता आणि बाई छातीशी एक पेटी धरून बसली होती. मी ओरडलो, बाई, पेटी सोडा, दोर धरा! ती म्हणते, हिला दोन वर्षं लागली यायला. मी म्हटलं, तुम्हाला किती लागली? मग धरला. होडी बांधताना बजरंगचा हात दोन होड्यांच्या मध्ये आला. मनगट मोडलं आहे. बाकी सगळे ठीक.

परत काळबेटला उलट्या पाण्यात जाणं जमत नव्हतं. आडोशाची एकच जागा जवळ होती. कुठली ते तुला माहीत आहे. मी खूप विचार केला असं सांगणार नाही, विचार करायला वेळ नव्हता. तिथेच नेलं, अब्बांच्या खुणेवर नांगर टाकला. मंगळवारचा दिवस वारा हलू देईना. तिथेच पडून राहिलो, चणे खाल्ले.

आणि आपा, खाली ती बोलत होती. वल्हं लावायची गरज नव्हती, होडीच्या फळ्यांतून ऐकू येत होतं. मी इतक्या वर्षांत एवढं ऐकलं नव्हतं. बाई उठून बसली. म्हणाली, नासिरभाई, हे काय आहे? मी म्हटलं, इंजिनाचा आवाज.

इंजिन बंद होतं.

ती फळीला कान लावून पडली आणि रडायला लागली. पेटी तिच्या बाजूलाच होती. तिने उघडली नाही. भिजली होती म्हणून की कशी, मी विचारलं नाही.

आता ती लिहील. जागा तिला कळली आहे, दोन्ही खुणा तिने उजाडल्यावर बघितल्या. मी काही म्हणू शकत नाही. अब्बांची जागा तुझ्या खोट्याने गेली की माझ्या जाळ्याने, ते तू ठरव.

शनिवार पेठेच्या बाईंना सांग, त्यांच्या मुलीचं जेवण चांगलं आहे. एका बैठकीत चार भाकऱ्या.

नासिर

---

खारशेत
१४ नोव्हेंबर १९८६

नसीमबानू यांस,

तुम्ही शिव्या मागितल्या होत्या. मी तीन पत्रं लिहिली, फाडली. हे चौथं.

मला तुमचा राग आला आहे. बजरंगचा उजवा हात दोन महिने गळ्यात राहणार आहे, आणि त्याच्या घरी दुसरे हात नाहीत. सध्या मी त्यांच्या अंगणात मासे वाळत घालते. मलाही माझा राग आहे. बजरंग कुरकुर करत होता तेव्हा मी ऐकलं नाही. माणसाचं ऐकलं नाही आणि माशाचं ऐकायला निघाले.

ते राहू दे. आता कामाचं.

मी ती जागा पाहिली आहे आणि आवाज ऐकला आहे. पण नासिरभाईंनी मला तिथे नेलं ते वाचवायला, दाखवायला नाही. पाहुण्याने घरातली तिजोरी बघून ठेवावी तसं मला ते लिहायचं नाही. आणि सगळं विसरूनही जाता येत नाही. तिथे आता जे जमतं ते कदाचित या किनाऱ्यावरचं शेवटचं असेल.

सोबत २१७ चा कागद पाठवते आहे. त्यातले तीन रकाने मी खोडले आहेत: जागा, खोली, गाभोळी. ते तुम्ही भरा. तुमच्या अक्षरात. खरं लिहिलंत तर अहवालात जाईल, आणि मी जमेल तितकं भांडीन. ट्रॉलरवाले ऐकतील असं वचन देत नाही. कोरा परत पाठवलात तर २१७ काढून टाकीन आणि "जागा सापडली नाही" असं लिहीन. तेही मी लिहू शकते. पण पुन्हा खोटं नको.

आई तुमच्याबद्दल विचारते. तुम्ही चहात साखर घेत नाही हे तिला फार आवडलं आहे.

उल्का

---

गणेश पेठ, पुणे
३० नोव्हेंबर १९८६

उल्का,

तुझा कागद दहा दिवस तांदळाच्या डब्यावर पडून होता. येता-जाता मी त्याच्याकडे बघत होते आणि तो माझ्याकडे. आमचे हे म्हणाले, भरायचा तर भर, नाहीतर मी त्यात बोंबील बांधतो.

नासिरला पत्र टाकलं. लिहिलं की जागा जेवढी तुझी तेवढी माझी, अब्बांच्या मांडीवर मी आधी बसले. मी लिहिणार आहे. तुला नको असेल तर कळव, आठ दिवस थांबते. त्याचं उत्तर नाही. आठ झाले, नऊ झाले. शमीमचं नाही, कोणाचंच नाही.

परवा तुझी आई बाजारात आली. पहिल्यांदा. नाकाला रुमाल, चपला भिजू नयेत म्हणून पाय उचलून टाकत. मला वाटलं तुझा काही निरोप आहे. त्या गाळ्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "घोळ कुठली ते दाखवा." मी म्हटलं, आज नाही. मग त्यांनी एक पुडा दिला, शंकरपाळ्यांचा, "तुमच्या भावाला पाठवा" म्हणाल्या. दिगंबरपंत बाजूलाच होते. त्यांनी विचारलं, "काय वहिनी, तुमच्याकडेही मांजर?" तुझी आई म्हणाली, "नाही हो. मुलगी आहे. समुद्रावर काम करते." मोठ्याने म्हणाली. चार गाळ्यांना ऐकू गेलं.

मग घरी येऊन मी कागद घेतला.

जागा: काळबेट टेकडीवरची एकटी चिंच आणि मशिदीचा पांढरा चौथरा एका रेषेत आले की तिथून बाहेर. दुसरी खूण कागदाच्या पाठीमागे लिहिली आहे, पुढे लिहवली नाही. खोली: अठरा वाव, खाली चिखल. गाभोळी: होती. दोन हात भरून.

काडी तुला परत पाठवते आहे. पेला ठेवून घेते.

बंदी घालायची तर साहेबांच्या तारखांनी घालू नका. अवस धरून घाला, मासा बोलतो तेव्हा. न बोलणाऱ्या दिवसांत आमच्या माणसांना जाऊ दे. हे अहवालात लिही. नाही ऐकलं तर मला बोलाव, मी येऊन सांगते. बजरंगच्या घरी एक पेटी सुके बांगडे पाठवले आहेत, पोचले का कळव. माझं नाव कुठे छापू नकोस. अब्बांचं घाल. इब्राहिम तांडेल.

आज पहाटे नासिरची पेटी आली. चिठ्ठी नव्हती. मी पेटी उलटी करून बघितली. बर्फ भरपूर घातला होता, पुण्यापर्यंत टिकला. बांगडे, सौंदाळे, थोडी कोलंबी. घोळ नव्हती.

मी चुलीवर चहा ठेवला आणि तुला लिहायला बसले.

नसीमबानू